समजून घेऊ या : सर्व्हर तीन, सामान कुठे?

मस्कतमध्ये आपल्यापैकी अनेकांची छोटी ऑफिसं आहेत, नाहीतर घरातलं कुणीतरी अशा ऑफिसचे संगणक सांभाळतं. तिथे हल्ली दहा कामांना दहा यंत्रं नसतात. दोन-तीन दणकट सर्व्हर घेतात आणि हिशेबाचा, पगाराचा, मेलचा असे आभासी संगणक त्यांच्यावर भाडेकरूंसारखे ठेवतात. एक सर्व्हर बंद पडला की भाडेकरू शेजारच्या सर्व्हरवर जातात. पण त्यांचं सामान, म्हणजे डेटा, बंद घरातच अडकलं तर? म्हणून साठवण कशी निवडायची, ते यंदा समजून घेऊ या.

आधी डिस्क. फळ्यावर ७, ५, ९ आणि शेजारी बेरीज २१ लिहा. कुठलाही एक आकडा पुसा, मुलं तो लगेच सांगतील. ‘रेड-५’ साधारण असंच चालतं. ४ टीबीच्या चार डिस्कांत १२ टीबी मावतात आणि एक डिस्क गेली तरी चालतं. दोन आकडे पुसले की मात्र उत्तर निघत नाही. मोठी डिस्क बदलल्यावर ती पुन्हा भरायला कधी कधी दिवसही लागतो. तेवढा वेळ सगळा ताण उरलेल्या डिस्कांवर, आणि त्याही बहुधा एकाच दिवशी घेतलेल्या. त्यात जूनमध्ये एसी बंद पडला तर विचारूच नका! ‘रेड-६’ दोन डिस्क गेल्या तरी तगतं. जागा ८ टीबीच मिळते, पण झोप लागते.

आता सर्व्हर. वाटा मुख्यतः तीन.

पहिली, सगळ्यांना मिळून साठवणीची एकच पेटी. सोपी आणि स्वस्त. पण पेटी बसली की तिन्ही सर्व्हर बसले.

दुसरी, ठरावीक वेळाने शेजारच्या सर्व्हरवर प्रत पाठवणं. ‘प्रॉक्समॉक्स’मध्ये ‘झेडएफएस’ वापरलं तर ही सोय आहे; वेळ बदलली नाही तर दर १५ मिनिटांनी प्रत जाते. म्हणजे अपघातात शेवटची पाव तासाची नोंद जाऊ शकते.

तिसरी, ‘सेफ’. यात प्रत्येक गोष्टीच्या एकाच वेळी तीन प्रती तीन सर्व्हरवर राहतात. नोंद हरवत नाही, पण १२ टीबीतून हाती जेमतेम ४ येतात, वेगवान नेटवर्क लागतं आणि जाणकार माणूस लागतो.

सर्व्हर दोनच असतील तर आणखी एक पेच. मधली तार तुटली की दोघांनाही वाटतं, दुसरा गेला. मग दोघेही लिहीत सुटतात आणि एका वहीच्या दोन वह्या होतात. म्हणून तिसरं मत हवंच. त्यासाठी एखादं साधंसं यंत्र पंच म्हणून पुरतं.

माझं मत विचाराल तर दहा-पंधरा माणसांच्या ऑफिसला दुसरी वाट पुरते. निवडण्याआधी मालकाला दोनच प्रश्न विचारा : काम किती वेळ थांबलेलं चालेल? आणि किती वेळाची नोंद गेलेली चालेल? ‘अजिबात नाही’ असं उत्तर आलं, तर त्याची किंमतही सांगा.

मात्र यातलं काहीही बॅकअप नव्हे. चुकून पुसलेली फाइल तिन्ही प्रतींतून तितक्याच तत्परतेने पुसली जाते. आणि पाणी खोलीत शिरलं की तिन्ही सर्व्हर एकत्रच भिजतात. जून २००७ चं गोनू मस्कतच्या जुन्या मंडळींना आठवत असेल. ऑक्टोबर २०२१ मध्ये शाहीनने बातिनाला झोडपलं. दुसरी प्रत सलालाला ठेवावी म्हटलं, तर तिथे मे २०१८ मध्ये मेकुनू येऊन गेलं. पण दोन्ही गावांना एकाच दिवशी फटका बसणं अवघड, आणि आपल्याला तेवढंच हवं असतं. एक प्रत दूर ठेवा, आणि एक अशी की जी एरवी तारेला जोडलेलीच नसेल.

दिवाळीच्या सुट्टीत एवढं करा : बॅकअपमधून एक जुनी फाइल परत आणून उघडून बघा. उघडली, तर बॅकअप आहे. नुसता ‘घेतलाय’ म्हणून तो असतोच असं नाही.