सातारा, कराड, सांगली आणि तीन पानांचा एक निबंध

सातारा-सांगलीच्या महाविद्यालयांत बी.एस्सी.ला गणित घेतलेल्या मुलामुलींना ग्रुप थिअरी भेटते ती बहुतेक वेळा परीक्षेच्या वाटेनेच. लाग्रांजचं प्रमेय, नॉर्मल सबग्रुप, होमोमॉर्फिझम एवढं झालं की पेपर येतो. हा विषय अजून वाढतो आहे, त्यात न सुटलेले प्रश्न आहेत, हे फार थोड्या वर्गांत बोललं जातं.

आता नव्या शैक्षणिक धोरणाने पदवीच्या चौथ्या वर्षात संशोधनाला जागा दिली आहे. तेव्हा शुद्ध गणितात जिल्ह्याच्या ठिकाणचा विद्यार्थी संशोधन करणार तरी कशावर, असा प्रश्न शिक्षकच विचारतात. त्याला एक ठोस उत्तर आहे: डायरेक्ट प्रॉडक्टचे सबग्रुप मर्यादित माहितीत मांडता येतात का, हा प्रश्न. त्यासाठी प्रयोगशाळा लागत नाही आणि त्यातलं पहिलं उदाहरण फळ्यावर मावतं.

समजा, साताऱ्यात एक वाटसरू आहे. प्रत्येक चौकातून पुढे जायला दोन वाटा, एक तांबडी आणि एक निळी. दोन्ही रंगांच्या वाटा उलट्याही चालता येतात. मात्र हे रस्ते वळसा घालून पुन्हा त्याच चौकात कधीच येत नाहीत. परतायचं तर आल्या वाटेनेच. गणितात याला फ्री ग्रुप म्हणतात. पुढच्या पावलाला अधिक एक, उलट्या पावलाला वजा एक धरायचं आणि ज्यांची बेरीज शून्य येते तेवढ्याच फेऱ्या घ्यायच्या. या फेऱ्यांचा सबग्रुप होतो. पण त्या सगळ्या जोडून बनवायच्या तर मूळ फेऱ्या किती लागतील? अनंत. दोन जनरेटरांच्या ग्रुपच्या पोटात अनंत जनरेटर मागणारा सबग्रुप निघतो. पूर्णांकांच्या ओळखीच्या जगात असं कधी घडत नाही, म्हणून विद्यार्थी इथे पहिल्यांदा थबकतो.

आता दुसरा वाटसरू सांगलीत, तशाच रस्त्यांवर. दोघांच्या फेऱ्या जोडीने धरल्या, की दोन फ्री ग्रुपांचा डायरेक्ट प्रॉडक्ट होतो. बेरीज दोघांची मिळून शून्य हवी. चित्र पालटतं. साताऱ्यात तांबडं पुढे नि सांगलीत तांबडं मागे. साताऱ्यात निळं पुढे नि सांगलीत तांबडं मागे. साताऱ्यात तांबडं पुढे नि सांगलीत निळं मागे. या तीन चालींतून बाकी सगळं निघतं. पण चालींच्या कोणत्या दोन मालिका शेवटी एकाच जागी पोचवतात, हे ठरवणारे नियम लिहायला बसलं, तर ती यादी संपत नाही.

तिसरा वाटसरू कराडात उभा केला, की नियमांची यादीही संपते. मग अडतं त्याच्या वरच्या मजल्यावर, नियमांच्या आपापसातल्या संबंधांत. ते अनंत राहतात. हे जॉन स्टॉलिंग्ज यांनी १९६३ साली ‘अमेरिकन जर्नल ऑफ मॅथेमॅटिक्स’मध्ये अवघ्या तीन पानांत दाखवलं. पुढे रॉबर्ट बिएरी यांनी हेच कितीही घटकांसाठी मांडलं: दर गावागणिक अडचण एकेक पायरी वर सरकते.

याचा उपयोग काय, हा प्रश्न पालक विचारतात आणि तो रास्त आहे. १९५८ साली रशियन गणिती मिखाइलोवा यांनी सिद्ध केलं, की दोन फ्री ग्रुपांच्या प्रॉडक्टमध्ये मोजक्या जनरेटरांचा असा सबग्रुप असू शकतो, ज्यात एखादा घटक आहे की नाही हे कोणताही संगणक-प्रोग्रॅम दर वेळी ठरवू शकत नाही. यंत्र कितीही वेगवान असलं तरी. सांगलीच्या वालचंद महाविद्यालयात प्रोग्रॅमिंग शिकणाऱ्या मुलीलाही हे ठाऊक असायला हवं, कारण तिच्या विषयाची सीमा इथे आखली आहे.

आणि ही कथा निराशेची नाही. बाउमस्लाग आणि रोजब्लेड यांनी १९८४ साली दाखवलं, की दोन फ्री ग्रुपांच्या प्रॉडक्टमधल्या सबग्रुपचे नियमही मर्यादित असतील, तर तो एकतर फ्री असतो किंवा त्याच्यात दोन फ्री ग्रुपांचा प्रॉडक्ट फायनाइट इंडेक्सने बसलेला असतो. पुढे ब्रिडसन, हाउवी, मिलर आणि शॉर्ट या चौघांनी २०१३ साली एक देखणी कसोटी दिली. नियम मर्यादित असलेल्या ग्रुपांच्या प्रॉडक्टमधला सबग्रुप घटकांच्या प्रत्येक जोडीवर उतरवून पाहायचा. दर वेळी तो फायनाइट इंडेक्सचा भाग व्यापत असेल, तर त्याचेही नियम मर्यादित. आपल्या तीन वाटसरूंपैकी कोणतेही दोघे घेतले तर ते हवे तसे फिरू शकतात, कारण बेरीज जुळवायला तिसरा असतो. दोघांनाच ती मोकळीक नव्हती. कराडने काय केलं, ते इथे कळतं.

मराठी माणसाला हे क्षेत्र परकं नाही. रवी कुलकर्णी यांनी १९९१ साली मॉड्युलर ग्रुपच्या फायनाइट इंडेक्स सबग्रुपांसाठी अपूर्णांकांची एक मर्यादित मांडणी दिली. तिच्यावरून जनरेटर थेट वाचता येतात. आज ती पद्धत ‘सेज’ या मोफत सॉफ्टवेअरमध्ये आहे. रँग्लर ग. स. महाजनी यांचा तर जन्मच साताऱ्याचा. उणीव बुद्धीची नाही. उणीव आहे ती स्टॉलिंग्ज यांच्या तीन पानांसारखा निबंध विद्यार्थ्याच्या हातात देणाऱ्या माणसाची आणि त्यासाठी वेळापत्रकात राखून ठेवलेल्या तासाची. अभ्यासक्रम पुरा करण्याच्या धावपळीत सर्वांत आधी हाच तास कापला जातो, आणि हे चूक आहे.

सुरुवात छोटी करता येईल. साताऱ्याचं यशवंतराव चव्हाण इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स, कराडचं सद्गुरू गाडगे महाराज महाविद्यालय आणि सांगलीचं विलिंग्डन या तिघांनी महिन्यातून एक शनिवार ठरवावा आणि चौथ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना कराडात एकत्र बसवावं. पहिल्या बैठकीत तीन चाली खरोखर पुरतात याची सिद्धता. ती तासाभरात होते. दुसऱ्या बैठकीत नियमांची यादी का संपत नाही, हे दाखवताना कस लागेल. स्टॉलिंग्ज यांच्या तीन पानांसाठी होमॉलॉजी लागते, तेव्हा त्याआधी दोन-तीन महिने तिच्या तयारीला द्यावे लागतील. चौघांचा २०१३ चा निबंध अर्काइव्हवर मोफत आहे. तो एका वर्षात पुरा वाचून होणार नाही, पण त्यातली जोड्यांची कसोटी घेऊन मुलं स्वतः नवे सबग्रुप तपासू शकतील आणि प्रकल्पाच्या वहीत स्वतःचं उदाहरण लिहू शकतील.