कडकनाथ पाळा, पण पिल्लाचे घराणे पाहून

आपल्यातील कित्येक तरुण, चिकनचे दुकानदार आणि काम सुटलेले कारागीर अलीकडे कडकनाथ कोंबडीची चौकशी करताना दिसतात. धंदा वाईट नाही. परंतु धंद्यात उतरण्याआधी माल ओळखता आला पाहिजे, आणि या मालाची ओळख फार थोड्यांना आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

कडकनाथ ही मध्य प्रदेशातील झाबुआ, अलीराजपूर व धार भागातली कोंबडी. भिल्ल व भिलाला आदिवासींनी ती पिढ्यान्‌पिढ्या अंगणात सांभाळली. तिकडे तिला 'कालीमासी' म्हणतात, कारण तिचे मांससुद्धा काळे असते. अंडे मात्र काळे नसते, फिकट तपकिरी असते. काळे अंडे दाखवून भाव सांगणारा इसम भेटला तर तिथूनच माघारी फिरावे.

आम्ही कापडवाले. रंगावरून माल घेणारा फसतो, हे आम्हाला दुकानावर रोज दिसते. इथेही तसेच आहे. कडकनाथचा संकर केलेले पिल्लूही काळे दिसू शकते. संकर हा गुन्हा नव्हे. इज्जतनगरच्या सरकारी पक्षी संशोधन संस्थेने कडकनाथच्या संकरातून 'कारी श्यामा' ही जात काढली आणि संकर म्हणूनच तिला नाव दिले. संकर असल्याचे लपवून अस्सलचा भाव घेणे, ही मात्र लबाडी होय.

आता हिशेब पाहू. ब्रॉयलर सुमारे ६ आठवड्यांत २ किलोच्या आसपास जातो. कडकनाथला सव्वा किलो व्हायला ५ ते ६ महिने लागतात. तेवढे दिवस भांडवल अडकते, खाद्य चालू राहते, मरही सोसावी लागते. मादी वर्षाला साधारण ८० ते १०० अंडी देते आणि खुडूक बसायला नाखूश असते. म्हणून अंडी गावठी कोंबडीखाली किंवा उबवणी यंत्रात ठेवावी लागतात. म्हणजे महाग भाव मिळाला तरच हा धंदा परवडतो, आणि महाग भाव देणारे गिऱ्हाईक मोजकेच असते. काळा रस्सा सर्वांनाच रुचतो असे नाही. मांस चिवट, शिजायला वेळ लागतो, हे हॉटेलवाल्यांना आधीच सांगावे.

नेमकी हीच अडचण हेरून काही मंडळी पुढे येतात : पैसे भरा, पिल्ले घ्या, अंडी व पक्षी आम्हीच ठरल्या भावाने परत घेऊ. २०१९ मध्ये सांगली-कोल्हापूर भागात अशाच योजनेत असंख्य शेतकऱ्यांचे पैसे बुडाले व पोलिसांत गुन्हे नोंदले गेले. बंधूंनो, यातील मेख समजून घ्या. अशा योजनेत विकणाऱ्याचा नफा पिल्लांत असतो, मांसात नव्हे. नवे सभासद येत आहेत तोवर जुन्यांना भाव मिळतो. ते थांबले की पक्षी तुमच्या दारात आणि खाद्याची उधारी तुमच्या नावावर. खाणारे गिऱ्हाईक ज्याला माहीत नाही, त्याने परत खरेदीची हमी कशाच्या जोरावर द्यावी?

म्हणून आमचे सांगणे असे. पिल्ले झाबुआच्या कृषी विज्ञान केंद्रासारख्या जबाबदार ठिकाणाहून, आगाऊ नोंदणी करून घ्यावीत. पक्के बिल, उबवणीची तारीख व लसीकरणाची नोंद मागावी. द्यायला कुचराई करणाऱ्याचा माल घेऊ नये. सुरुवात ५० पिल्लांवर करावी. पहिल्या आठवड्यात ९५ अंश फॅरनहाइटच्या आसपास ऊब लागते, मग ती हळूहळू कमी करतात. अंडी उबवायची तर नर दुसऱ्या कळपातून आणावेत, नाहीतर रक्त जवळचे होऊन पिढी कमजोर निघते. सारी पुंजी एका शेडमध्ये घालू नये. जानेवारी २०२१ मध्ये खुद्द झाबुआतल्या एका कडकनाथ फार्मवर बर्ड फ्लू निघाला होता.

नावाचीही बाब आहे. झाबुआच्या कडकनाथ मांसाला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, जसे पैठणीला २०१० मध्ये मिळाले. पक्षी कोठेही पाळता येतो, परंतु आपल्याकडे वाढवलेले मांस 'झाबुआचे' म्हणून विकणे म्हणजे यंत्रमागाची साडी पैठणी म्हणून खपवण्यासारखेच. दमा-मधुमेहाचे औषध म्हणूनही ते विकू नये. गिऱ्हाईक एकदा फसले की परत येत नाही, आणि दहा जणांना सांगते.

आधी दहा गिऱ्हाइके तोंडी पक्की करा, मग पिल्ले आणा. हा क्रम उलटा करणाऱ्याला कोंबडी काय आणि कापड काय, दोन्ही सारखेच बुडवतात.