शर्टाला नंबर आहे, शिवणारीला नाव नाही!

मॉलमधल्या शर्टाच्या किमतीच्या पुठ्ठ्यात अनेकदा एक बारीक चिप आणि पातळ अँटेना असते. हाच आरएफआयडी टॅग. त्याला बॅटरी लागत नाही. रीडरच्या रेडिओ लहरींवर तो जागा होतो आणि आपला नंबर सांगतो. खोका न उघडता शेकडो कपडे काही सेकंदांत मोजून होतात. 2003 साली वॉलमार्टने आपल्या 100 बड्या पुरवठादारांना बजावले, जानेवारी 2005 पासून खोक्यांवर टॅग पाहिजेत. म्हणजे मोठ्या गिऱ्हाईकाने मनावर घेतले तर पुरवठादाराला अट घालता येते. मित्रांनो, एवढे लक्षात ठेवा.

आता 24 एप्रिल 2013 आठवा. ढाक्याजवळची राणा प्लाझा इमारत कोसळली. 1,100 हून अधिक माणसे मेली, त्यात बहुतेक कपडे शिवणारे कामगार. तिथे कोणाचा माल शिवला जात होता, हे सिद्ध करायला कार्यकर्त्यांना ढिगाऱ्यातून लेबले उपसावी लागली. काही ब्रँडांनी आधी संबंधच नाकारला. गोदामात चुकलेला शर्ट यांना सापडतो, तो शिवणारी कुठल्या छताखाली बसते हे मात्र माहीत नसते. हे अज्ञान नाही, ही सोय आहे. ज्याच्याकडे पाहायचे नाही त्याला अदृश्य करणे, हे जातिव्यवस्थेचे जुनेच तंत्र आहे.

जानेवारी 2021 मध्ये तमिळनाडूतल्या दिंडीगुल जिल्ह्यात निर्यातीचे कपडे शिवणाऱ्या एका दलित तरुणीचा खून झाला. आरोपी तिचाच पर्यवेक्षक. दलित स्त्रियांच्या नेतृत्वाखालची तमिळनाडू टेक्स्टाईल अँड कॉमन लेबर युनियन गप्प बसली नाही. एप्रिल 2022 मध्ये तिने ईस्टमन एक्स्पोर्ट्स आणि एचअँडएम यांच्याशी दिंडीगुल करार केला. लैंगिक छळाबरोबर जातीय भेदभावही त्यात आला आणि करार मोडला तर पुरवठादाराच्या धंद्यावर परिणाम, ही अटही आली. टॅगसाठी घातलेली अट माणसासाठीही घालता येते, हे आपल्या भगिनींनी दाखवून दिले.

बाबासाहेब यंत्राचे शत्रू नव्हते. दोष यंत्राचा नाही, ते ज्यांच्या फायद्यासाठी चालते त्या समाजरचनेचा आहे, हीच त्यांची भूमिका होती. म्हणून आम्ही टॅग फाडा म्हणत नाही. आमची मागणी साधी आहे. शर्टाच्या नंबरामागे कारखान्याचे नाव, मजुरी आणि तक्रार समितीची नोंद जोडा आणि ती युनियनला खुली करा.

आयटीत गेलेल्या भावाबहिणींनो, या नोंदींचे सॉफ्टवेअर तुमच्यासारखेच कोणीतरी लिहिते. त्यात माणसाचा रकाना का नाही, हा प्रश्न आधी तुम्ही विचारा.

जय भीम!