एसी राहू द्या, तेलाच्या नळ्या बदला

जुन्या गाडीचे वेड मुळातच महाग. त्यात गाडी कारखान्यातूनच एसी घेऊन आलेली असेल तर विचारायलाच नको. हिंदुस्थान मोटर्सने 1984 मध्ये आणलेली काँटेसा ज्यांनी जपली आहे, ते रंगावर आणि क्रोमवर हौसेने खर्च करतात. इंजिनाचे तेल वाहून नेणाऱ्या रबरी नळ्या मात्र कुणी पाहत नाही. त्या मिरवता येत नाहीत ना! तीस-चाळीस वर्षांच्या उष्णतेने रबर कडक होते, भेगाळते. दाबाखालचे तेल तापलेल्या एक्झॉस्टवर उडाले तर आग लागू शकते, आणि मागच्या सीटवर आपलीच नातवंडे बसलेली असतात.

गॅरेजमध्ये दोनच सल्ले मिळतात. ‘साहेब, एसी मधे येतो, काढून टाकू?’ किंवा ‘गळत नाही ना? मग राहू द्या.’ माझ्या मते दोन्ही आळसाचे. बहुतेक वेळा कॉम्प्रेसरचे बोल्ट सोडून तो नळ्यांसकट बाजूला बांधून ठेवता येतो. गॅसला हात लावावाच लागत नाही. थोडा वेळ जास्त जातो, इतकेच.

कंडेन्सर हलवल्याशिवाय हातच पोचत नसेल, तर गॅस यंत्राने काढून साठवून घ्यावा. नट सैल करून ‘फुस्स’ करून टाकणे हा शुद्ध बेजबाबदारपणा. त्या काळच्या गाड्यांत आर-12 असे. तो हवेत सुमारे शंभर वर्षे टिकतो आणि ओझोनचा थर खातो. त्यासाठीच 1987 मध्ये माँट्रियलचा करार झाला. भारत 1992 मध्ये त्यात सामील झाला. पुढे आर-134ए भरायचा झाला, तर कॉम्प्रेसरचे तेलही बदलावे लागते. जुने खनिज तेल त्याच्याशी जुळत नाही. ड्रायर आणि ओ-रिंगही नव्या हव्यात.

आयत्या नळ्या मिळत नाहीत, ही तक्रार खरी. पण दिघ्यापासून महापेपर्यंतच्या ठाणे-बेलापूर पट्ट्यात कारखान्यांसाठी हायड्रॉलिक नळ्या बनवून देणारे कारागीर आहेत. जुनी नळी नमुना म्हणून न्या, तेलाचे तापमान आणि दाब सांगा, टोके यंत्राने दाबून घ्या. पाण्याची नळी क्लिप आवळून बसवून देणाऱ्याला नम्रपणे नमस्कार करावा. काम झाल्यावर रात्रभर गाडीखाली वर्तमानपत्र पसरून ठेवा. शक्यतो पुरवणी नको.