डब्यातले बळ, मातीतले बळ

डहाणू-घोलवडच्या चिकूला २०१६ साली भौगोलिक मानांकन लाभले. फळ कोणत्या मातीतले, याची ती ग्वाही होय. घोलवड, बोर्डी, कोसबाडच्या परिसरात पोलीस भरतीसाठी १६०० मीटर धावण्याचा सराव करणाऱ्या तरुणाच्या हाती जेव्हा भुकटीचा डबा येतो, तेव्हा अशी ग्वाही त्याला कोण देणार?

हा प्रश्न किती गंभीर आहे, हे त्याच वर्षी महाराष्ट्राने पाहिले. तीन वेळा ‘महाराष्ट्र केसरी’ ठरलेले नरसिंग यादव रिओ ऑलिंपिकच्या उंबरठ्यावर असताना त्यांच्या चाचणीत मेथॅन्डिएनोन हे स्टेरॉइड आढळले. आपल्या आहारात कोणीतरी भेसळ केली, हा त्यांचा बचाव राष्ट्रीय उत्तेजकविरोधी संस्थेच्या समितीने मान्य केला. परंतु १८ ऑगस्ट रोजी क्रीडा लवादाने तो अमान्य करून चार वर्षांची बंदी घातली. शरीरात जे सापडेल त्याचे उत्तरदायित्व खेळाडूचेच, हा तेथील कठोर नियम आहे. ‘डब्यावर तसे लिहिले नव्हते’ एवढे म्हणून सुटका होत नाही.

आणि डब्यावर लिहिलेले खरे असतेच असे नाही. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीच्या साहाय्याने झालेल्या व २००४ साली प्रसिद्ध झालेल्या तपासणीत १३ देशांतील ६३४ पूरकांपैकी ९४ मध्ये वेष्टनावर न नोंदलेली संप्रेरकसदृश द्रव्ये निघाली. भारतात २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ३६ प्रथिन-भुकट्यांपैकी २५ मध्ये प्रथिनांचा दावा व प्रत्यक्ष प्रमाण जुळले नाही. काहींत बुरशीजन्य विषही आढळले. अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा परवाना क्रमांक आवश्यक खरा, परंतु तो प्रत्येक डब्याच्या तपासणीचा दाखला नव्हे.

म्हणून सर्वच पूरके निरुपयोगी ठरत नाहीत. क्रिएटिन दिवसाला ३ ते ५ ग्रॅम घेतल्यास वजन उचलणे, छोट्या अंतराची धाव यांत लाभ होतो, हे प्रयोगांनी सिद्ध आहे. लांब धावणाऱ्यास मात्र त्याने वाढणारे वजन भारच ठरते. कॅफिनने दम टिकतो, पण झोप उडते आणि छाती धडधडते. दुधापासून काढलेली व्हे-भुकटी हे अखेर अन्नच आहे. त्यात जादू नाही. राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ च्या आहार-मार्गदर्शनात शरीर कमावण्यासाठी प्रथिनपूरके टाळण्याचाच सल्ला दिला आहे. शंभर ग्रॅम फुटाण्यांत सुमारे २० ग्रॅम, एका अंड्यात ६ ग्रॅम आणि पेलाभर दुधात ८ ग्रॅम प्रथिने मिळतात. सरावानंतरची ऊर्जा तर चिकू आणि केळेही देतात.

पालकांनी, प्रशिक्षकांनी तीन प्रश्न विचारावेत. याची गरज आहे काय? या खेळात याचा लाभ सिद्ध झाला आहे काय? आणि डब्यावरील तुकडीची स्वतंत्र प्रयोगशाळेने प्रतिबंधित द्रव्यांसाठी तपासणी केली आहे काय? एकाही प्रश्नाचे उत्तर नकारार्थी आले, तर डबा दुकानातच राहू द्यावा. आणि व्यायामशाळेत कुणी ‘दमासाठी’ इंजेक्शन पुढे केले, तर प्रश्न विचारण्याचीही गरज नाही. रक्तदाब वाढविणारे ते औषध शस्त्रक्रियेच्या मेजावरचे आहे, मैदानावरचे नव्हे.

याच परिसरात ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी शाळेत न येणाऱ्या मुलांसाठी शाळाच अंगणात व कुरणात नेली. आहाराचे शास्त्रही आता तसेच मैदानावर नेले पाहिजे. बलोपासना करणाऱ्या तरुणाला दुकानदाराच्या आधी शिक्षक भेटावा, ही जबाबदारी गावातील जाणत्यांची आहे.