समुद्रावरचा काळा डाग आणि आपण

आपल्या हिंगोली जिल्ह्याला समुद्र नाही. मुंबईचा किनारा सरळ रेषेत मोजला तरी सुमारे साडेचारशे किलोमीटर दूर. त्यामुळे सागरी प्रदूषणाचा विषय निघाला की, "तो कोकणातल्या मुलांचा प्रश्न," असे म्हणून आपण मोकळे होतो. मला हे मत मान्य नाही. का, ते सांगतो.

७ ऑगस्ट २०१० रोजी मुंबई बंदराच्या तोंडाशी 'एमएससी चित्रा' आणि 'खलिजिया-३' या दोन जहाजांची टक्कर झाली. 'चित्रा' कलली, तिच्यावरचे कंटेनर पाण्यात पडले आणि अंदाजे ८०० टन तेल समुद्रात सांडले. बंदराची वाहतूक काही दिवस बंद पडली. तेल किनाऱ्याला आणि खारफुटीच्या झाडांना जाऊन चिकटले. कोळ्यांची मासळी घ्यायला गिऱ्हाईक कचरू लागले. अशा वेळी पहिला प्रश्न असतो तो हा, की तेल कुठे आहे आणि कुठे चालले आहे?

आता महिना लक्षात घ्या. ऑगस्ट! वर ढगांचे छत. उपग्रहावर कितीही चांगला कॅमेरा असला तरी त्याला ढगांची पाठच दिसणार. येथे रडार उपयोगी पडते. रडार सूर्यप्रकाशाची वाट पाहत नाही. ते स्वतःच सूक्ष्मतरंग सोडते आणि परत आलेला प्रतिध्वनी टिपते. भारताच्या रिसॅट-१ या २०१२ च्या उपग्रहावरील रडारची तरंगलांबी साडेपाच सेंटिमीटरच्या आसपास होती. ढगातले जलबिंदू त्या मानाने इतके बारीक असतात, की हे तरंग ढगांतून जवळजवळ विनाअडथळा पार होतात. रात्र असो वा पावसाळा, रडारला सारखेच.

पण रडारला तेल कसे दिसते? घरी एक प्रयोग करा. अंधाऱ्या खोलीत जमिनीवर एक आरसा आणि त्याच्या शेजारी पांढरा कागद ठेवा. डोळ्याजवळ विजेरी धरून दोहोंवर तिरपा प्रकाश टाका. कागद उजळ दिसेल, आरसा मात्र काळा! कागदाचा खडबडीत पृष्ठभाग प्रकाश चहूकडे विखुरतो, त्यातला थोडा तुमच्याकडे परत येतो. आरसा सगळा प्रकाश पलीकडे धाडतो. समुद्रावर वाऱ्याने उठलेल्या काही सेंटिमीटरच्या लहरी म्हणजे तो कागद. तेलाचा तवंग या बारीक लहरी दाबून टाकतो आणि पाण्याचा तेवढा भाग आरशासारखा होतो. म्हणून रडारच्या चित्रात तवंग काळा दिसतो आणि जहाजाचे लोखंड पांढऱ्या ठिपक्यासारखे चमकते. पांढऱ्या ठिपक्यामागे काळी लांब शेपटी दिसली, तर ते जहाज वाटेत तेल सोडत चालले असावे, असा संशय घेता येतो. मोठी जहाजे आपली ओळख रेडिओवरून सतत कळवत असतात. ती नोंद आणि चित्र जुळवले, की संशयिताचे नावही कळते.

मात्र मी 'संशय' म्हणालो, 'पुरावा' नाही. माझा खरा मुद्दा इथेच आहे. प्रत्येक काळा डाग तेलाचा नसतो. वारा सेकंदाला दोन-तीन मीटरपेक्षा मंद असेल, तर स्वच्छ समुद्रही काळा दिसतो. सूक्ष्म वनस्पतींपासून सुटलेला स्निग्ध पदर, बेटाआडचे शांत पाणी, जोराची पावसाची सर, हेही तसेच डाग पाडतात. उलट वारा सेकंदाला दहा-बारा मीटरच्या पुढे गेला, की तेल पाण्यात घुसळले जाते आणि डाग पुसट होतो. म्हणजे मोसमी वाऱ्यांत रडार ढग भेदते खरे, पण वारा त्याला फसवू शकतो. डागावरून एखाद्या जहाजाला दोषी ठरवायचे, की कोळ्यांना "निर्धास्त जा" म्हणायचे? यंत्र हे ठरवत नाही. वाऱ्याची नोंद, तटरक्षक दलाचे विमान आणि पाण्याचा नमुना पाहून माणसालाच ते ठरवावे लागते.

ध्रुवाकडच्या बर्फाचेही असेच. तिथे हिवाळ्यात महिनोन् महिने अंधार असतो. डिसेंबर १९८१ मध्ये गोव्याहून निघालेली भारताची पहिली अंटार्क्टिका मोहीम जानेवारी १९८२ मध्ये तिथे पोचली. आज मैत्री आणि भारती या आपल्या ठाण्यांकडे जाणाऱ्या जहाजांना समुद्रावरचे बर्फ चुकवायला रडारची चित्रे मदत करतात. पण नवे गुळगुळीत बर्फ आणि शांत पाणी, दोन्ही काळीच दिसू शकतात. तिथेही वाचणारा डोळा हवा.

हा डोळा घडवायला समुद्रकिनारा लागत नाही. तेलाचा तवंग कुठे वाहत जाईल याचे अंदाज देणारी केंद्र सरकारची 'इन्कॉइस' ही संस्था हैदराबादला आहे. तिथे कुठे आहे समुद्र? गुरुत्वीय तरंग टिपणाऱ्या लायगो-इंडियासाठी तर आपलाच औंढा नागनाथचा परिसर निवडला गेला. ३० जुलै २०२५ रोजी भारत आणि अमेरिकेचा 'निसार' हा रडार उपग्रह श्रीहरिकोट्याहून सुटला. तो त्याच जागेवर १२ दिवसांनी परत येतो. तवंग मात्र काही तासांत सरकतो. तेव्हा एका उपग्रहाने भागत नाही, अनेकांची चित्रे जुळवावी लागतात. युरोपच्या सेंटिनेल-१ ची चित्रे कोणालाही विनामूल्य मिळतात. ती पाहायला शाळेतला एक संगणक आणि इंटरनेट पुरे.

आपण मात्र काय करतो? उपग्रहांची नावे आणि प्रक्षेपणाच्या तारखा पाठ करून घेतो. शिक्षकमित्रांना माझी विनंती आहे, की नववी-दहावीच्या मुलांसमोर एक रडारचित्र ठेवा. सुरुवात इसापूर आणि सिद्धेश्वर जलाशयांपासून करा. वारा पडलेला असताना तेही तवंगासारखेच काळे दिसतात, आणि कारणही तेच. मग अरबी समुद्राचे चित्र ठेवा आणि विचारा, "हा डाग तेलाचा कशावरून?" उत्तर देताना जो विद्यार्थी आधी वाऱ्याचा वेग विचारील, त्याला भौतिकशास्त्र कळले असे मी समजेन. त्याने समुद्र पाहिलेला नसला तरी चालेल.