मुलीला वरळीला ठेवावे का?

नेवासे तालुक्यातील घोडेगावहून एका भगिनीचे पत्र आम्हाला आले आहे. पत्र छोटे आहे, प्रश्न मात्र छोटा नाही. त्यांच्या मुलीला मुंबईत लोअर परळला एका कचेरीत नोकरी लागली. राहण्यासाठी दोन ठिकाणे आहेत. एक, वरळीच्या बीडीडी चाळीतील मामा-मामींचे घर. त्यांना आता चाळीच्या जागी झालेल्या नव्या इमारतीत ताबा मिळाला आहे आणि "भाची आमच्याकडेच राहील" असे ते म्हणतात. दुसरे, बदलापूरला नोकरी करणाऱ्या तीन मुलींबरोबर भाड्याची जागा. गावातील जाणती मंडळी सांगतात, बीडीडी म्हणजे दंगलीची आणि दारूची वस्ती, तरण्या पोरीला तिथे ठेवू नका, बदलापूरची हवा चांगली. ताई विचारतात, वस्ती चांगली की वाईट हे आम्ही घोडेगावात बसून कसे ओळखावे?

ताई, घोडेगावच्या माणसाने हा प्रश्न विचारावा याचे आम्हाला थोडे नवल वाटले. तुमच्या गावचा जनावरांचा बाजार साऱ्या जिल्ह्यात प्रसिद्ध आहे. तिथे म्हैस घ्यायला आलेला शेतकरी शिंगांच्या रंगाकडे पाहून पैसे मोजतो काय? तो आधी जबडा उघडून दात पाहतो. चार पावले चालवून पाहतो. कास भरलेली दिसली तरी तेवढ्यावर भुलत नाही, कारण दूध तुंबवून कास फुगवणारे विक्रेते त्याला ठाऊक असतात. तो धार काढून पाहतो. आणि शेजारी उभा असलेला दलाल "या जनावरात खोड आहे" असे कानात सांगू लागला, तर या दलालाला दुसरे कोणते जनावर खपवायचे आहे, हेही तो मनात ताडतो. वस्तीचेही असेच आहे. कोणती वस्ती बदनाम, हे ऐकण्याआधी ती कोणी बदनाम केली, हे विचारावे.

आता बीडीडीची गोष्ट. मुंबई सरकारने १९२० साली शहराच्या वाढीसाठी जे खाते काढले, त्याच्या इंग्रजी नावाची ही तीन आद्याक्षरे. या खात्याने वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी या चार ठिकाणी मिळून २०७ चाळी उभ्या केल्या. एकट्या वरळीत १२१. प्रत्येक चाळ तळमजला आणि वर तीन मजले, मजल्यावर वीस खोल्या, खोली १६० चौरस फुटांची. गंमत अशी की, आज शहराच्या मध्यावर असलेली ही जागा त्या वेळी कामगारांना आडवळणाची आणि महाग वाटली. पुष्कळ खोल्या कितीतरी वर्षे भाडेकरूंवाचून रिकाम्या होत्या! १९३० च्या सत्याग्रहात वरळीच्या चाळींचा उपयोग सरकारने कैदी ठेवण्यासाठी केला. ज्या खोल्या कोणाला नको होत्या, त्याच खोल्यांत पुढे गिरणी कामगार, गोदी कामगार, महापालिकेचे सफाई कामगार, पोलीस अशा हजारो कुटुंबांचे संसार झाले. नगर, सातारा, कोकणातून आलेली आपली माणसेही त्यांत होती. गावाकडून आलेला भाचा, पुतण्या नोकरी लागेपर्यंत कोणाच्या तरी पायथ्याशी झोपला आणि उभा राहिला. तुमच्या घोडेगावच्या आसपासही अशी घरे निघतील, थोडी चौकशी करून पाहा.

जुन्या चाळीचे दोष आम्ही झाकणार नाही. संडास मजल्यावर सामाईक. सकाळी रांग. पाहुणा आला तर तो झोपणार कोठे आणि सासू-सुनेने बोलायचे कोठे? दहा बाय सोळाच्या खोलीत सात-आठ माणसे म्हणजे नवरा-बायकोला दोन शब्द बोलायची चोरी. मुलीला कपडे बदलायचे तर घरातील पुरुषांनी गॅलरीत जाऊन उभे राहायचे. आमच्यातील काही लिहिणारे चाळीच्या एकोप्याचे गोडवे गातात, त्यांनी पहाटे पाण्याच्या हंड्यासाठी उठणाऱ्या बाईला विचारून मग लिहावे. दारू होती, मारामाऱ्या होत्या. त्या कोठे नसतात हा वेगळा प्रश्न.

दंगलीबद्दल मात्र नीट सांगितले पाहिजे, कारण पन्नास वर्षांपूर्वीची दंगल अजून वस्तीच्या गळ्यात बांधलेली आहे. ५ जानेवारी १९७४ रोजी वरळीच्या बीडीडी चाळींच्या परिसरात दलित पँथरची सभा होती. त्या सभेवर दगडफेक झाली आणि दंगल उसळली. १० जानेवारीला निषेधाच्या मोर्चात भागवत जाधव मारले गेले. पुढे कित्येक आठवडे चाळी धुमसत राहिल्या. आता सांगा, ज्यांच्या सभेवर दगड आले त्यांचीच वस्ती दंगलखोर कशी ठरली? तरीही यातून एक खरे घेण्यासारखे आहे. त्या चाळींत जातवार, गाववार गट करून लोक राहत होते. शेजारच्या चाळीशी संबंध नाही, लग्नकार्यात जाणे-येणे नाही, अशा वस्तीत एका दगडाने आग लागते. म्हणून वस्ती पाहताना आपल्या लोकांची संख्या किती एवढेच मोजू नका, पलीकडच्या इमारतीशी संबंध कसे आहेत तेही विचारा.

बाबासाहेबांचेच उदाहरण घ्या. परळच्या बीआयटी चाळीत, पहिल्या क्रमांकाच्या इमारतीत, ५० आणि ५१ क्रमांकाच्या खोल्यांत त्यांचे कुटुंब १९१२ ते १९३४ अशी बावीस वर्षे राहिले. प्लेगनंतर मुंबई सुधारण्यासाठी १८९८ साली नेमलेल्या ट्रस्टची ही चाळ, साधी कामगारवस्ती. ते परदेशात शिकत असताना रमाईंनी इथलाच संसार ओढला. 'मूकनायक' १९२० चे, महाडचा सत्याग्रह १९२७ चा. दोन्ही याच काळातले. दादरला 'राजगृह' बांधल्यावर ते तिकडे गेले आणि मोठ्या ग्रंथसंग्रहाला नीट जागा मिळाली. चाळ चांगली होती म्हणून ते बावीस वर्षे राहिले असे नाही. आणि चाळ वाईट म्हणून तिथे काही घडले नाही, असेही नाही. जागा वाढवायची ऐपत येताच त्यांनी वाढवली. आपल्या लेकींनीही तेच करावे.

पण ऐपत असूनही जागा मिळत नाही, तेव्हा काय? १९१७ साली बडोद्यात, परदेशात शिकून आलेल्या आणि संस्थानात नोकरीवर असलेल्या बाबासाहेबांना डोके टेकायला खोली मिळाली नाही. पारशी नाव सांगून ते एका पारशी विश्रामगृहात राहिले आणि अकराव्या दिवशी काठ्या घेतलेले लोक दाराशी आले. हे त्यांनी स्वतः लिहून ठेवले आहे. शंभर वर्षे झाली, आता तसे काही नाही, असे म्हणणाऱ्यांसाठी एक माहिती देतो. सुखदेव थोरात आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिल्ली परिसरात भाड्याच्या घरांची पाहणी केली, ती २०१५ साली प्रसिद्ध झाली. फोनवरून घर विचारणाऱ्या सवर्ण नावाच्या माणसाला कोणी नकार दिला नाही. दलित नावाच्या सुमारे अठरा टक्के लोकांना सरळ नकार मिळाला आणि मुस्लिम नावांना त्याहून अधिक. काठ्या घेऊन कोणी आले नाही. "जागा गेली हो," एवढेच गोड आवाजात सांगितले.

तुमच्या घोडेगावहून फाटा फुटतो तो शिंगणापूरला, जिथल्या घरांना दारे नाहीत अशी ख्याती आहे. शहरात प्रत्येक घराला दार असते. ते आडनाव ऐकल्यावरही उघडे राहते का, एवढेच पाहायचे. बदलापूरचे घरमालक कसे आहेत ते आम्हाला माहीत नाही आणि न पाहता कोणावर आळ घेणे बरे नव्हे. पण मुलीने पहिल्याच फोनवर पूर्ण नाव, आडनावासकट सांगावे. घरात जयभीमचे कॅलेंडर आणि बाबासाहेबांचा फोटो लावीन, हेही सांगावे. नकार यायचा असेल तर तो सामान हलवण्याआधी आलेला परवडतो. नाव लपवून घेतलेली खोली कितीही हवेशीर असो, तिथे श्वास कोंडतो.

ताईंनी पत्राच्या शेवटी एक वाक्य लिहिले आहे: "एवढे करण्यापेक्षा गावातच असलेले बरे का?" या वाक्यावर आम्ही बराच वेळ थांबलो. घोडेगावपासून सोनई किती दूर? १ जानेवारी २०१३ रोजी सोनई परिसरात तीन मेहतर तरुणांची, एका मुलीवरील प्रेमाच्या कारणावरून हत्या झाली आणि २०१८ साली नाशिकच्या न्यायालयाने सहा जणांना फाशीची शिक्षा सुनावली. ४ नोव्हेंबर १९४८ ला घटना समितीत बाबासाहेबांनी खेड्याविषयी जे कठोर शब्द वापरले, ते उगीच नव्हते. गाव आपले आहे, माती आपली आहे, कांद्याच्या लिलावाला आलेल्या चार माणसांशी आपले बोलणे आहे, हे सगळे खरे. पण गाव सुरक्षित आणि शहर धोक्याचे, ही समजूत मुलीच्या पायात बेडीसारखी घालू नका.

तेव्हा बसा एसटीत आणि दोन्ही जागा पाहून या. एकदा रविवारी सकाळी जा, पण तेवढ्यावर भागवू नका. रविवारी सगळ्याच वस्त्या चांगल्या दिसतात. कामाच्या दिवशी रात्री नऊ वाजता स्टेशनवर उतरून मुलगी ज्या वाटेने घरी येणार, त्या वाटेने तिच्याबरोबर चाला. दिवे आहेत का, दुकाने उघडी आहेत का, बायका एकट्या चालताना दिसतात का, ते पाहा. ही धार काढून पाहणे झाले. बदलापूरहून लोअर परळ म्हणजे गाडी बदलून, चालणे धरून, जायला दीड तास आणि यायला दीड तास. गर्दीच्या डब्यात रोज तीन तास उभे राहिलेली मुलगी संध्याकाळी पुढचा अभ्यास करील, ही आशा सोडा. वरळीहून तिची कचेरी जवळ. १९८२ च्या संपानंतर ज्या गिरण्या एकेक करून बंद झाल्या, त्यांच्याच जमिनीवर आज लोअर परळच्या काचेच्या कचेऱ्या उभ्या आहेत. आजोबांनी जिथे साचा चालवला, तिथे नात संगणकावर बसते, हे पाहायला आम्हाला आवडेल.

वस्तीतील माणसांशी बोला, पण पुरुषांच्या कट्ट्यावर जाऊ नका. नळावरच्या, लिफ्टपाशी उभ्या असलेल्या बायकांना विचारा: रात्री-अपरात्री पोट दुखले तर कोणाला हाक मारता? उत्तर देताना त्या नाव घेतील तर वस्ती जिवंत आहे. नुसते वर पाहतील तर समजा. जुन्या चाळीत या प्रश्नाला वीस नावे होती. मात्र त्याच वीस घरांचे डोळे मुलगी किती वाजता आली, कोणाबरोबर आली, यावरही होते. हाकेला धावणारा शेजार आणि हिशेब ठेवणारा शेजार हा एकच असतो, वेगळा काढता येत नाही. हे मुलीला आधी सांगून ठेवा. तिला काय चालेल ते तिने ठरवायचे. नोकरी तिची आहे.

आता नवी इमारत. वरळीत १४ ऑगस्ट २०२५ रोजी पहिल्या ५५६ कुटुंबांना चाव्या मिळाल्या. १६० फुटांच्या खोलीतून ५०० फुटांच्या घरात, तेही चाळीस मजली इमारतीत. म्हातारीला सामाईक संडासाच्या रांगेतून सुटका मिळाली, याचे मोल बाहेरच्याला कळणार नाही. पण जिथे गॅलरी होती तिथे आता बंद दारे आहेत. वीस दारांच्या मजल्यावर वाढलेली मामी दुपारी कोणाशी बोलते, हेही ताई, तुम्ही गेलात की पाहून घ्या. भाची आली तर त्या घरात कोणीतरी बोलणारे येईल. भाचीला खुशाल ये म्हणण्यात मामीचाही थोडा स्वार्थ असेल, असा आमचा कयास आहे आणि तो चांगलाच स्वार्थ आहे.

एक व्यवहाराची गोष्ट राहिली. चाळीचे भाडे नाममात्र होते. नव्या इमारतीला लिफ्ट, पंप, दिवे, सफाई यांचा देखभाल खर्च आलाच. तो दरमहा किती आणि कोण भरणार, हे मामांना मोकळेपणाने विचारा आणि मुलीच्या पहिल्या पगारापासून तिचा वाटा किती, तेही बसून ठरवा. नात्यात पैशाचे बोलायचे कसे, म्हणून आपण गप्प राहतो आणि सहा महिन्यांनी गॅसच्या सिलिंडरवरून मने दुखावतात. मुलीची झोपायची जागा कोणती, अभ्यासाचा दिवा किती वाजेपर्यंत चालेल, मैत्रीण घरी आली तर चालेल का, हेही त्याच बैठकीत काढा. मामा भावाच्या नात्याने रागावले तर रागावू द्या. मामींचे उत्तर मात्र लक्ष देऊन ऐका, कारण घर त्या चालवतात.